पुढच्या दारासाठी काचेचं चक्र

सुरबाया, १ नोव्हेंबर १९८७

प्रिय तांते फीन हिस,
स. न. वि. वि.

आधी बातमी, क्षेमकुशल मागाहून. यॉपीच्या घरचे येताहेत! नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सव्वीस डिसेंबरला, रीतीप्रमाणे मागणी घालायला. काकास गावाहून त्याचे आईवडील, दोन काका, त्यांचे पाळक आणि केकच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका. काल संध्याकाळी यॉपी हे सांगायला दुकानात आला, तेव्हा माझ्या हातात एका नवरीचा झगा होता. मी झालर उलटी शिवून टाकली. मालकीणबाई म्हणाल्या, की उसवताना तरी हसू नकोस, सुई टोचेल. ती टोचलीच.

आता काळजीचं. ते येणार कुठे? वोलोआनला, आमच्या घरी. आणि आमच्या घराचं पुढचं दार बंद आहे. तुला मी नव्याने काय सांगणार? ममाची पेटी त्या दारातून बाहेर गेली, त्या दिवसापासून पापांनी ते उघडलेलं नाही. तू, मी, पाळक, सगळे स्वयंपाकघराच्या दाराने चुलीला वळसा घालून आत जातो. आपल्याला त्याची सवय झाली. पण मुलीला मागणी घालायला आलेल्या माणसांना मागच्या दाराने आत घेणं म्हणजे तोंडावर नाही म्हणणंच की. यॉपीचे वडील तर रीतीचे फार कडक. ते पायऱ्यांवरूनच माघारी फिरतील आणि पुन्हा येणार नाहीत, असं यॉपी हळूच म्हणाला. मागणी आली तर काय, असं पापांना मागेच विचारलं होतं, तर त्यांचं नेहमीचं दोन ओळींचं उत्तर आलं. फीनच्या घरी करा, माझ्या घरात नाताळ नाही.

पण तांते, मला एक सुचलंय. इथे मालकीणबाईंनी दुकानाच्या दारावर एक चक्र लावलंय. पानाफुलांचं नाही, नाताळच्या झाडावर टांगतात त्या काचेच्या गोळ्यांचं. लाल, सोनेरी, हिरवे, एकमेकांना बिलगून बसलेले. रस्त्यावरून मोटार गेली की प्रत्येक गोळ्यात एकेक छोटी मोटार धावते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गिऱ्हाइकाला बाहेर तसंच उभं ठेवून बघत बसले.

आमच्या कपाटावर ममाचा गोळ्यांचा डबा आहे ना? भूकंपात निम्मे फुटले, त्यामुळे झाडावर लावले तर झाड टकलं दिसेल. चक्राला मात्र पुरतील. ममाचे गोळे पुढच्या दारावर दिसले, तर पापांना ते दार बंद ठेवणं जड जाईल, असं मला वाटतं. करशील का? मी पोचणार चोवीसला. तोवर फार उशीर होईल.

तुझ्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांग. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, आत्ताच त्याची खरी गरज आहे.

तुझीच लाडकी भाची,
सेल्वी


वोलोआन, १० नोव्हेंबर १९८७

चि. सेल्वी हिस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे तुझी बातमी वाचून उठले आणि शेजारच्या म्हाताऱ्या ओमा ट्रूसकडे चालत गेले. तिला सांगून झाल्यावर मगच दुखायला लागले. पोरी, मला किती आनंद झालाय ते या कागदावर मावणार नाही. तू पाठवलेल्या फोटोत यॉपीचे कान जरा मोठे दिसतात, पण ओमा ट्रूस म्हणते, मोठ्या कानांचा नवरा ऐकतो तरी. तिच्या नवऱ्याचे लहान होते.

तुझा बाप आहे तसाच आहे. सध्या गोरोन्तालोच्या कुणा अधिकाऱ्यासाठी लाकडी घर बांधतोय. अंगणात उभं केलंय, मग सुटं करून ट्रकवर चढवणार. त्या घराला काय दारं केली आहेत! सागाची, दोन्ही झडपांवर वेलबुट्टी. मी म्हटलं, वेलेम, साऱ्या सुलावेसीला दारं करून देतोस, स्वतःचं एक उघडत नाहीस. त्याने तोंडात खिळे धरले आणि बहिरा झाला. लहानपणापासून तो हेच करतो. आमची आई रागवायला लागली की तो खिळे शोधायचा.

डबा कपाटावरच आहे. तुझी ममा गेल्यापासून त्याने त्याला हातही लावला नसेल, मी पैजेवर सांगते. तो कामावर असताना मी डबा पळवीन. हे वाक्य लिहिताना माझं वय विसरले बघ. इतकी वर्षं शाळेत पोरांना चोरी करू नका म्हणून सांगितलं, आता नाताळच्या तोंडावर स्वतः चोर होणार.

पण हे चक्र करायचं कसं, ते नीट सगळं लिही. मला चौथीच्या वर्गातलं पोर समज. कागदाची फुलं मी पुष्कळ केली, पण काचेच्या गोळ्यांना वळण कसं लावतात हे देव जाणे.

जेवत जा. फोटोत तुझीही हाडं दिसतात. आमचा जीव तुझ्यात अडकलाय एवढं लक्षात असू दे.

तुझी तांते,
फीन


सुरबाया, १८ नोव्हेंबर १९८७

प्रिय तांते,
स. न. वि. वि.

चौथीच्या पोरी, लक्ष देऊन ऐक.

कपडे टांगायचा तारेचा हँगर घे. आकड्याखाली तारेला पीळ असतो, तो पक्कडीने सोडव आणि तार वाकवून गोल कर. अगदी गोल झाली नाही तरी चालेल, गोळे तिचं वाकडेपण झाकतात. आकडा मोडू नकोस, चक्र त्यानेच टांगायचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे विसरलीस तर रडशील. प्रत्येक गोळ्याच्या डोक्यावर कडी असलेली पत्र्याची टोपी असते. ती नुसती अडकवलेली असते. आधी सगळ्या टोप्या गोंदाने पक्क्या चिकटव आणि एक दिवस वाळू दे. नाहीतर टोपी तारेवर राहते आणि गोळा जमिनीवर जातो.

मग एकेक कडी तारेत ओवायची. मोठा, लहान, लहान, मोठा, आणि एक गोळा आत तोंड करून बसला तर पुढचा बाहेर. एकसारखे लावलेस तर जपमाळ दिसेल. गच्च सरकवत जा. मधे तार दिसली तर तिथे सर्वांत बारका गोळा खुपस. शेवटी टोकं पुन्हा पिळायची आणि त्या पिळावर रुंद लाल फीत बांधायची. फीत सोबत पाठवते आहे. नवरीच्या झग्यातून उरलेली आहे, मालकीणबाईंनी स्वतः कापून दिली आणि म्हणाल्या, दार उघडलं तर मला कळव.

मी मोटार दिसणारे गोळे म्हणाले ना? आपल्या दारावर मोटार नाही दिसणार, आमच्या अंगणातलं पपनसाचं झाड दिसेल, आणि पायऱ्या चढून येणारी माणसं. यॉपीचे वडील वर येताना प्रत्येक गोळ्यात एकेकदा वर येतील. मला रोज हेच दिसतं आणि कात्री चुकते.

डब्यात ममाचा काचेचा पक्षी असेल. शेपटीला पांढरे केस असलेला. तो सगळ्यांच्या वर लाव.

पापांना कळू देऊ नकोस. आणि माझ्या वाटचं प्रेम ओमा ट्रूसला सगळं देऊन टाकू नकोस, थोडं शिल्लक ठेव.

तुझी मास्तरीण,
सेल्वी


वोलोआन, २७ नोव्हेंबर १९८७

चि. सेल्वी हिस,
अनेक आशीर्वाद, आणि हसून घे.

डबा माझ्याकडे आला आहे. कसा आणला ते ऐक. गुरुवारी तुझा बाप सागाच्या फळ्या आणायला गेला. मी स्टुलावर चढून डबा काढला, गोळे शेवरीच्या कापसासकट माझ्या टोपलीत भरले. मग वाटलं, रिकामा डबा हलका लागेल, त्याला संशय येईल. म्हणून त्यात वाळलेली जायफळं भरली आणि डबा होता तिथे ठेवला. वजनदेखील जमवलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पण ममाच्या गोळ्यांवर एकदम हात टाकायला धीर होईना. म्हणून आधी ताज्या जायफळांचं सरावाचं चक्र केलं. माझ्या नवऱ्याच्या लग्नाच्या कोटाचा हँगर वाकवला. तो मेल्यावरही उपयोगाला आला. पहिल्या वेळी सगळी जायफळं खाली घसरली आणि चक्राचा पेरू झाला. दुसऱ्या वेळी जमलं. पिवळी फळं, मधे एक उकललेलं, आतली लाल जायपत्री दिसणारं. इतकं छान दिसलं की मी ते माझ्याच दारावर टांगलं.

तासाभरात ओमा ट्रूस काळा झगा घालून, केकचं ताट घेऊन दारात. डोळे पुसत मला मिठी मारली आणि विचारलं, कोण गेलं म्हणून. मला काही कळेना. तिच्या मागून आणखी दोघी आल्या, एकीच्या हातात भजनाचं पुस्तक. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, आपल्याकडे चक्र दारावर कुणी लावतं का? आपल्याकडे चक्र नाताळाआधी कबरीवर जातं. दारावर दिसलं म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असंच त्यांना वाटलं. मी सांगितलं, कुणी गेलं नाही, आमच्या मुलीला मागणी येतेय. मग आम्ही ते केक खाल्ले. ओमा ट्रूस म्हणाली, फीन, तू मेल्यावर मी पुन्हा आणणार नाही, तुझ्या वाट्याचा केक झाला.

आजपासून टोप्या चिकटवते आहे. पक्षी मात्र डब्यात नाही. मी कापूस पिंजून पिंजून पाहिला. भूकंपात गेला असावा, वाईट वाटून घेऊ नकोस.

या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी तांते,
फीन


सुरबाया, ४ डिसेंबर १९८७

प्रिय तांते,
स. न. वि. वि.

जायफळांचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. मालकीणबाई हसून हसून शिवणयंत्रावर पडल्या. यॉपीने तर ते घेऊन त्याच्या आईला पाठवून दिलं, परत मिळेल असं वाटत नाही. आता काकासमध्ये सगळ्यांना तू ठाऊक होशील. यॉपी म्हणतो, आई मागणी घालायला येईल ती मुख्यतः त्या तांतेला बघायला.

जहाजाची तिकिटं काढली. आम्ही एकवीसला निघतो, चोवीसच्या सकाळी बितुंगला लागतो. मी निळा झगा शिवायला घेतलाय, रात्री स्वप्नातही काजं करते. पक्षी नाही तर नसू दे. चक्र दारावर चढलं की लगेच कळव, एक ओळ पुरे. पापा काय म्हणाले तेही, आणि काही नाही म्हणाले तर कसे काही नाही म्हणाले तेही.

घाईत आहे. लोभाची थकबाकी आल्यावर मिठी मारून फेडीन.

तुझी,
सेल्वी


वोलोआन, ९ डिसेंबर १९८७

चि. सेल्वी हिस,
अनेक आशीर्वाद.

एक ओळ मागितली होतीस. एका ओळीत सांगण्यासारखं झालं असतं तर बरं होतं.

चक्र झालं, आणि बाळ, फार सुंदर झालं. एक लाल गोळा गोंद वाळायच्या आत मी उचलला, तो गेला, तू सांगितलं होतंस तसाच गेला. बाकी सगळे नीट बसले. परवा सकाळी तुझा बाप गोरोन्तालोच्या घरात रंधा मारत होता तेव्हा मी पुढच्या पायऱ्या चढून गेले. त्या पायऱ्यांवर शेवाळ आलंय. बंद दारावर जुना खिळा होता, त्यावर टांगलं. पपनसाचं झाड दिसत होतं सगळ्या गोळ्यांत, आणि प्रत्येकात एकेक म्हातारी उभी. मी लगेच पळाले आणि ओमा ट्रूसच्या खिडकीत बसून वाट पाहिली.

तुझा बाप दुपारी जेवायला आला. अंगणातून त्याला ते दिसलं. हातोडी खाली ठेवली. हळूहळू वर गेला. खूप वेळ नुसता उभा राहिला. मी ओमा ट्रूसचा हात इतका दाबला की ती ओरडली. मग त्याने चक्र दोन्ही हातांनी खिळ्यावरून उतरवलं, छातीशी धरलं, आणि खाली उतरून रस्त्याला लागला. तेव्हा मला कळलं, सेल्वी, की तो काय समजला. आपल्या गल्लीतले सगळे त्या दिवशी कबरी साफ करायला आणि चक्रं वाहायला निघाले होते. त्याच्या बायकोच्या गोळ्यांचं चक्र. दुसरं तो काय समजणार? जायफळांच्या वेळी मी हसले आणि त्यातून काही शिकले नाही.

मागे धावले, पण गुडघे. मी पोचले तोवर ते तुझ्या ममाच्या, आल्चेच्या क्रुसावर चढलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून मी क्रुसाभोवतीचं गवत उपटायला लागले. परत येताना एवढंच म्हटलं, की वेलेम, ते दारासाठी होतं. तो म्हणाला, “दार तिथेच आहे.” आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत गेला.

मी माझं घर झाडून ठेवते. यॉपीच्या वडिलांची समजूत मी काढीन, शाळा तपासायला आलेले साहेब मी गुंडाळलेत. तू उदास चेहऱ्याने येऊ नकोस. माझ्यावरचा राग ठेवलास तरी चालेल, लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी तांते,
फीन


सुरबाया, १६ डिसेंबर १९८७

प्रिय तांते,
स. न. वि. वि.

राग कसला? मी रडले, पण तू समजतेस तशी नाही. ममाच्या क्रुसावर तिचे गोळे, हे मला सुचायला हवं होतं आणि पापांना न सांगता सुचलं. चक्र तिथेच राहू दे. आता मला दुसरं चक्र नको.

पण तुझ्या घरी मागणी नको. यॉपीशी रात्रभर बोलले. त्याने वडिलांना तार करून जसं आहे तसं कळवलंय, दार का बंद आहे तेही. तारेनेच त्यांचं उत्तर आलं. म्हणतात, आम्ही येऊ, पण मुलीच्या बापाच्या पुढच्या दारालाच येऊ. ते नाही उघडलं तर त्या माणसाचं दुःख अजून संपलेलं नाही असं समजू आणि परत जाऊ. पुढच्या वर्षी मागणी घालू की नाही हे आज सांगता येणार नाही. राग नाही त्यात, तांते, पण शब्द पक्का आहे.

मी पापांनाही लिहिलंय. विनवणी केली नाही. एवढंच कळवलं, की सव्वीसला आम्ही पुढच्या पायऱ्या चढून येऊ, शेवाळावरून घसरू नये म्हणून मी अनवाणी येईन, आणि दारावर टकटक करीन. एकदाच.

भीती वाटते, पण निळा झगा पूर्ण झाला आहे आणि बॅग भरली आहे. गंमत म्हणजे मधेच अजूनही हसू येतं. चोवीसला भेटू. तोवर जो लोभ उरलाय तो पापांच्या जेवणावर वाढ.

तुझी,
सेल्वी


वोलोआन, २३ डिसेंबर १९८७

सेल्वीस,
आशीर्वाद.

हे पत्र गाडीवाल्याबरोबर देतो आहे. बितुंगच्या धक्क्यावर तुला मिळेल. मी स्वतः येणार होतो, पण हाताला वार्निश आहे आणि ते वाळलेलं नाही. ते कशाचं, ते खाली लिहितो.

फीनला सांग, जायफळं काचेसारखी वाजत नाहीत. दर शनिवारी मी तो डबा पुसून ठेवतो. त्या शनिवारी उचलला तेव्हाच कळलं. डबा तसाच परत ठेवला. तुम्ही दोघी काय करताय ते बघायचं होतं.

चक्र तुझ्या ममासाठी आहे असंच मला वाटलं. चक्र दुसरं कशासाठी असतं? लावलं, बरं वाटलं. पण गेल्या रविवारी लोकोन डोंगरावर ढग आले. आल्चेचे ते गोळे पाण्याने खराब होतात, त्यांचं आतलं रुपेरी सुटतं. ती त्यांना खिडकीजवळसुद्धा ठेवू द्यायची नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून छत्री घेऊन गेलो. पाऊस लागला तो थांबेना. मी क्रुसावर छत्री धरून उभा. लोक बघून जात होते. शेवटी ओमा ट्रूस आली. म्हणाली, “वेलेम, आता ईस्टरपर्यंत इथेच उभा राहतोस, की आल्चेचं सामान आल्चेच्या घरी नेतोस?”

मी घरी आणलं. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

एवढं जड चक्र नुसत्या खिळ्यावर टांगणं हे फीनचं काम. दाराला हादरा बसला की गेलं. त्याला आरपार बोल्ट हवा आणि आतून नट. त्यासाठी दार उघडणं भाग होतं. उघडेना. दोन पावसाळ्यांत लाकूड फुगून चौकटीत बसलं होतं. काल सबंध दिवस त्यात गेला. बिजागऱ्या काढल्या, दार अंगणात घेतलं, रंधा मारला, नवीन वार्निश दिलं. घरात वारा आला. फीन दोनदा विनाकारण इकडून आत आली आणि इकडूनच बाहेर गेली. पायऱ्यांवरचं शेवाळही काढलं आहे. अनवाणी यायचं कारण नाही, चपला घाल.

पक्षी माझ्या हत्यारांच्या पेटीत होता. भूकंपात शेपूट गेली, म्हणून डब्यातून काढून ठेवला होता. जो लाल गोळा फीनने फोडला, त्या जागी बसवला आहे.

यॉपीच्या वडिलांना कळव की बसायला बाक पुरेसे आहेत. डुकराचं मटण मी सांगितलं आहे, बांबूतला भात फीन करते आहे. जास्त करते आहे.

एक चूक झाली. रंधा जरा जास्त चालला. दार आता उघडतं, पण घट्ट लागत नाही. रात्री वाऱ्याने आपोआप उघडं पडतं. ते सव्वीस तारखेनंतर बघू. तू टकटक करू नकोस, चक्र हलेल. नुसतं ढकल.

लोभ आहेच, तो लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझा,
पापा